धातूची झडप घेऊन म्हातारे होताना

हृदयात धातूची झडप असलेल्या ज्येष्ठांच्या घरी एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "ही झडप अजून किती वर्षे चालेल?" उत्तर दिलासा देणारे आहे. चांगली बसवलेली धातूची झडप बहुतेक वेळा माणसाला पुरून उरते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते, म्हणजे वीस वर्षांत सत्तर कोटींहून जास्त वेळा ही झडप उघडते आणि मिटते. तरी ती झिजून निकामी झाली असे क्वचितच घडते. उतारवयात या रुग्णांचे बरेवाईट ठरते ते तीन गोष्टींवर: रक्त पातळ ठेवणारी गोळी, त्या गोळीचा परिणाम मोजणारी तपासणी, आणि या दोन्हींकडे लक्ष ठेवणारे घरातले माणूस. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्यासाठी आहे.

तो जयपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. बँक, रेल्वे, लष्कर, केंद्र सरकारची कार्यालये अशा नोकऱ्यांमुळे जयपुरात स्थिरावलेली मराठी घरे आहेत, आणि निवृत्तीनंतर मुलांकडे राहायला आलेले आईवडील त्या घरांत आहेत. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना इथे थोड्या वेगळ्या रीतीने पाळाव्या लागतात. इथला हिवाळा पालेभाज्यांचा, संक्रांत मांज्याची, मे महिना अंगातले पाणी ओढून घेणारा आणि पावसाळ्यानंतरचे आठवडे डेंग्यूचे. या चारही गोष्टींचा त्या एका गोळीशी थेट संबंध येतो.

झडपेचा प्रश्न असलेले ज्येष्ठ दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात तिशी-चाळिशीत ऑपरेशन झालेले आणि आता पासष्टी-सत्तरी गाठलेले लोक येतात. आपल्या देशात यांची संख्या मोठी आहे, कारण लहानपणी घसा सुजून येणारा संधिवाताचा ताप झडपा खराब करतो, आणि तरुणपणीच, बहुधा माइट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, झडप बदलावी लागते. त्या काळी अनेकांना बसवली गेली ती भारतीय बनावटीची चित्रा झडप. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने ती घडवली. आधीचे नमुने चाचण्यांत अपयशी ठरले, तरी चमूने काम सोडले नाही. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली आणि पुढे देशभर लाखाच्या वर रुग्णांना मिळाली. वलियाथन २०२४ मध्ये गेले, पण त्यांच्या झडपेवर जगणारी माणसे आज म्हातारी होत आहेत, आणि त्यांच्या उतारवयाची नीट तयारी करणे हे आपले काम आहे.

दुसऱ्या प्रकारातले लोक पासष्टीनंतर ऑपरेशनच्या दारात उभे आहेत. कोणती झडप घ्यायची हे त्यांना ठरवायचे आहे. त्यांच्याबद्दल आधी बोलू.

पासष्टीनंतर कोणती झडप?

पर्याय मुळात दोन. धातूची झडप टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. जनावराच्या ऊतीपासून केलेली झडप, जिला सगळे टिश्यू व्हॉल्व्ह म्हणतात, काही वर्षांनी कडक होते किंवा फाटते. तिच्यासाठी मात्र बहुतेकांना ही गोळी कायमची लागत नाही. तरुणाच्या शरीरात टिश्यू झडप लवकर खराब होते, म्हाताऱ्याच्या शरीरात सावकाश. सगळा निर्णय या एका फरकावर उभा आहे.

अमेरिकेत लष्करी निवृत्तांच्या हॉस्पिटलांत झालेली एक जुनी चाचणी इथे उपयोगी पडते. १९७७ ते १९८२ या काळात ऑपरेशन झालेल्या पुरुषांचा तिथे पंधरा वर्षे पाठपुरावा केला गेला. एऑर्टिक, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली, झडप बदललेल्यांत धातूच्या झडपेचे रुग्ण जास्त जगले, माइट्रलच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. टिश्यू झडप निकामी होण्याचे प्रमाण मुख्यतः पासष्टीच्या आतल्यांत होते. पासष्टीपुढच्या एऑर्टिक रुग्णांत दोन्ही झडपांच्या टिकाऊपणात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि रक्तस्राव धातूच्या झडपेत जास्त झाला. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पन्नास ते एकोणसत्तर वयाच्या एऑर्टिक रुग्णांचा अभ्यास आला. पंधरा वर्षांत जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते. पुन्हा ऑपरेशन करावे लागले ते धातूच्या गटात सुमारे ७ टक्क्यांना आणि टिश्यूच्या गटात १२ टक्क्यांना. मोठा रक्तस्राव झाला तो धातूच्या गटात १३ टक्क्यांना आणि टिश्यूच्या गटात साडेसहा टक्क्यांच्या आसपास. व्यवहार काय आहे ते या चार आकड्यांतून कळते. दुसऱ्या ऑपरेशनचा धोका कमी करून घ्यायचा, तर रक्तस्रावाचा धोका पत्करावा लागतो.

म्हणून अमेरिकी मार्गदर्शक सूचना पासष्टीनंतर साधारणपणे टिश्यू झडपेकडे झुकतात. युरोपीय सूचना एऑर्टिकसाठी पासष्टीनंतर आणि माइट्रलसाठी सत्तरीनंतर तसाच सल्ला देतात. एऑर्टिक झडप आकसलेल्या वयस्करांसाठी आता छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून बसवायच्या टावी झडपेचाही मार्ग आहे. अशा झडपा वापीच्या मेरिल कंपनीतही बनतात. टिश्यू झडप पुढे खराब झाली, तर पुष्कळदा तिच्या आतच दुसरी झडप याच मार्गाने बसवता येते, त्यामुळे ऐंशीव्या वर्षी पुन्हा छाती उघडण्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही.

तरीही पासष्टीनंतर काहींना धातूची झडप सुचवली जाते. कधी आधीच दुसऱ्या जागी धातूची झडप असते आणि गोळी चालूच असते. कधी पैशांचा प्रश्न असतो, कारण भारतीय बनावटीची धातूची झडप आयात झडपांपेक्षा बरीच स्वस्त पडते. अशा वेळी सर्जनला विचारायच्या प्रश्नांत मी एक प्रश्न सगळ्यांत वर ठेवीन, आणि तो घरच्यांनी स्वतःलाही विचारायचा आहे: पुढची दहा-पंधरा वर्षे दर महिन्याला यांचे रक्त तपासून आणणार कोण, आणि रिपोर्ट आल्यावर डोस बदलून घेणार कोण? या प्रश्नाला एका माणसाचे नाव उत्तर म्हणून देता येत नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: धातूची झडप घेऊ नये. मुलगा बेंगळुरूला, सून नोकरीला, वडील एकटे आणि विसराळू, अशा घरात सर्वांत टिकाऊ झडपही सर्वांत धोकादायक ठरू शकते.

गोळी आणि आकडा

आता ज्यांच्या छातीत धातूची झडप आहेच, त्यांच्याकडे येऊ. रक्त पातळ करणारी गोळी घेतलीच नाही, तर शंभर रुग्णांमागे वर्षाला साधारण चौघांना मोठी गुठळी सुटून लकवा किंवा तसा गंभीर आघात होतो. गोळी घेतली की हे प्रमाण एकावर येते. मोठा रक्तस्राव मात्र शंभरात वर्षाला दीडच्या आसपास लोकांना होतो, आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढते. या दोन धोक्यांच्या मधली अरुंद वाट म्हणजे आयएनआरचा आकडा.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती जास्त वेळ लागतो, याचे माप. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. एऑर्टिक जागी आधुनिक दोन पाकळ्यांची झडप असेल आणि दुसरा धोका नसेल, तर लक्ष्य साधारण अडीच असते. माइट्रल जागी झडप असेल, किंवा एऑर्टिक झडपेबरोबर हृदयाचा ताल अनियमित असेल, तर तीन. अर्धा इकडे, अर्धा तिकडे चालते. पण तुमच्या आईचे लक्ष्य किती, हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे आणि ते आयएनआर लिहायच्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्यायचे आहे. वीस वर्षे गोळी घेणाऱ्या पुष्कळांना आपले लक्ष्य सांगता येत नाही. "नॉर्मल आला" एवढेच ते सांगतात, आणि प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची मर्यादा तर गोळी न घेणाऱ्यांसाठी असते. तिच्याकडे बघून कोणी डोस कमी केला, तर झडप अडकण्याची वेळ येते.

आपल्याकडे वॉरफरिनपेक्षा अ‍ॅसिनोकुमारॉल जास्त लिहिली जाते. बहुतेक घरांत ती अ‍ॅसिट्रॉम या नावाने माहीत असते. तिचा असर वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, त्यामुळे एक-दोन गोळ्या चुकल्या की आकडा लगेच घसरतो. दोन्ही औषधांचे मिलिग्रॅम सारखे नसतात. औषधवाल्याने "वही है, ले जाओ" म्हणत एकीच्या जागी दुसरी दिली, तर घेऊ नका. गोळी १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमच्या पाकिटांत येते आणि पाकिटे पाहून वयस्कर डोळे फसतात. घरात शक्यतो एकाच ताकदीची गोळी ठेवा. "एक दिवस दोन, एक दिवस तीन" असा डोस असेल, तर सात खणांची डबी आठवड्यातून एकदा घरच्या धडधाकट माणसाने भरून द्यावी. कॅलेंडरवर फुली मारायची जुनी पद्धतही चांगली आहे, फक्त फुली गोळी गिळल्यावर मारायची.

गोळी संध्याकाळी किंवा रात्री ठरलेल्या वेळी घ्यावी आणि रक्त सकाळी द्यावे. म्हणजे दुपारपर्यंत रिपोर्ट हाती येतो आणि डोस बदलायचा झाल्यास त्याच रात्री बदलता येतो. गोळी चुकली आणि त्याच रात्री आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घेऊ नका, वहीत "चुकली" असे लिहा आणि नेहमीचा डोस घ्या. ही नोंद फार मोलाची असते, कारण आकडा कमी आल्यावर डॉक्टर डोस वाढवतात. गोळी चुकली होती हे त्यांना माहीत नसेल, तर पुढच्या महिन्यात आकडा भलताच वर जातो.

आकडा स्थिर असेल तर महिन्यातून एकदा तपासणी ठीक. काही मार्गदर्शक सूचना फार स्थिर रुग्णांना त्याहून लांब अंतराची मुभा देतात, पण सत्तरीपुढच्यांसाठी मी महिनाच धरीन. नवे औषध सुरू झाले, जुने बंद झाले, ताप आला, जुलाब लागले, दोन-तीन दिवस जेवण गेले नाही, तर महिना संपायची वाट पाहायची नाही. चार-पाच दिवसांत रक्त तपासायचे. वयस्कर माणसाचे जेवण कमी होणे हे आयएनआर भडकण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि घरच्यांच्या ते लक्षात येत नाही.

बेबी अ‍ॅस्पिरिनचेही एकदा विचारून घ्या. पूर्वी झडपेच्या रुग्णांना गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिन सर्रास दिली जात असे. आता ती सरसकट न देण्याकडे कल आहे, कारण म्हातारपणी तिने रक्तस्राव वाढतो. स्टेंट किंवा दुसरे कारण नसेल, तर ती अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बंद करू नका.

जयपूरचे वर्ष

हिवाळा सुरू झाला की जयपूरच्या मंडयांत मेथी, पालक, मोहरीचा पाला आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत, यांचे ढीग लागतात. हिरव्या पानांत व्हिटॅमिन के भरपूर असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून अनेक घरांत ज्येष्ठांच्या पालेभाज्या बंदच केल्या जातात. हे चूक आहे. पालेभाजी बंद केलेल्या माणसाचा आकडा उलट अस्थिर होतो, कारण मग एखाद्या दिवशी खाल्लेली मूठभर मेथीही त्याला हलवते. खायचे प्रमाण वर्षभर सारखे ठेवायचे, एवढेच पथ्य. आठवड्यातून दोनदा वाटीभर पालेभाजी खायची सवय असेल, तर डिसेंबरमध्येही दोनदाच. रोज सरसोंचा साग आणि मेथीचे पराठे सुरू झाले आणि आकडा घसरला, की डोस वाढतो. मार्चमध्ये पाला बाजारातून गेला की तोच वाढलेला डोस जास्त होतो. केर-सांगरी, गट्टे, कढी, बाजरीची भाकरी यांची चिंता करू नये. तिळगूळही बिनधास्त खावा.

संक्रांतीला मात्र जपावे. १४ जानेवारीला जयपूर सकाळपासून गच्चीवर असते आणि रस्त्यांवर कापलेला मांजा लोंबत असतो. प्लास्टिकच्या मांज्यावर बंदी आहे, तरी तो वापरात असतोच. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला मांज्याने गळा किंवा बोट कापले तर रक्त थांबवणे फार अवघड जाते. त्या दिवशी, आणि आधीच्या-नंतरच्या दोन दिवसांतही, आजोबांना स्कूटरवर मागे बसवू नका. बाहेर जायचेच झाले तर बंद गाडीने. पतंग पाहायला गच्चीवर जरूर न्या, खुर्ची टाकून, कठड्यापासून लांब. काचेचा मांजा त्यांच्या हाती देऊ नका. कुठे कापलेच, तर स्वच्छ कपड्याने सलग दहा-पंधरा मिनिटे घट्ट दाबून धरा, मध्येमध्ये उघडून पाहू नका, आणि दाबूनही रक्त थांबत नसेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. लू लागते, जुलाब होतात, भूक मरते. त्यात लघवी होण्याची गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी कमी होते. अशा वेळी पुष्कळदा क्रमाने हे घडते: जेवण थांबते, जवळचा डॉक्टर जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल असलेली गोळी देतो, आणि काही दिवसांत आयएनआर भडकतो. मेट्रोनिडाझोल हे गोळीचा परिणाम वाढवणाऱ्या ठळक औषधांपैकी एक आहे. जुलाबाला ओआरएस द्या, पण हृदय कमजोर असेल तर किती पाणी द्यायचे हे विचारून द्या. अँटिबायोटिक लागलेच, तर तीन-चार दिवसांत रक्त तपासा.

पावसाळ्यानंतर डेंग्यू. गोळी आणि घसरलेल्या प्लेटलेट एकत्र आल्या की धोका दुप्पट होतो. झडपेच्या रुग्णाला ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तापावर फक्त पॅरासिटामॉल, ठरलेल्या प्रमाणात. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नाही. डेंग्यू निघाला तर रोज प्लेटलेट आणि आयएनआर दोन्ही बघायला हवेत. प्लेटलेट पन्नास हजारांच्या खाली गेल्यावर गोळी थांबवायची की नाही, हा निर्णय हॉस्पिटलात दाखल करूनच घ्यायचा असतो. घरी बसून पपईच्या पानांच्या रसावर विसंबणे या रुग्णाला परवडणारे नाही.

दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी

वय वाढते तसे डॉक्टर वाढतात: गुडघ्याचे, प्रोस्टेटचे, डोळ्यांचे, दातांचे. प्रत्येक चिठ्ठीगणिक धोका वाढू शकतो. गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या, फंगल इन्फेक्शनवरची फ्लुकोनाझोल, लघवीच्या संसर्गावरच्या काही अँटिबायोटिक, हृदयाच्या तालासाठीची अ‍ॅमिओडॅरोन, यांनी आयएनआर किंवा रक्तस्राव वाढतो. टीबीच्या रिफाम्पिसिनने आकडा झपाट्याने खाली येतो. अश्वगंधा, गिलोय, अर्जुनसाल, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल जयपुरात घरोघरी असतात, आणि "आयुर्वेदिक आहे, काही होत नाही" असे म्हणून त्या डॉक्टरांना सांगितल्याच जात नाहीत. सांगा. फोडणीतली हळद आणि कॅप्सूलमधली हळद यांत फार अंतर आहे. कमरेत टोचायची इंजेक्शने टाळा, स्नायूत रक्त साचते.

एका गोष्टीत तडजोड नको. हृदयाचा ताल अनियमित असलेल्यांना आजकाल डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्साबान, रिव्हरॉक्साबान या नव्या गोळ्या दिल्या जातात, ज्यांना दर महिन्याची तपासणी लागत नाही. घरच्यांना वाटते, आईलाही हीच द्यावी, रक्त द्यायचा त्रास वाचेल. धातूच्या झडपेवर या गोळ्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये अ‍ॅपिक्साबानची चाचणीही गुठळ्यांमुळे बंद करावी लागली. झडपेचा इतिहास माहीत नसलेल्या नव्या डॉक्टरने ही गोळी लिहिली, तर हातातली चिठ्ठी घेऊन आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जा.

"आता वय झाले, गोळी बंद करू या"

हे वाक्य मी सर्वांत गंभीर धरतो. ऐंशीच्या आसपासच्या माणसाचा तोल जातो, एक-दोनदा तो पडतो, हातावर निळे डाग दिसतात, आणि कोणीतरी प्रेमापोटी गोळी बंद करायचे सुचवते. धातूच्या झडपेची गोळी वय झाले म्हणून बंद होत नाही. थांबवल्यावर काही दिवस काहीच घडत नाही, म्हणून सगळ्यांना निर्णय बरोबर वाटतो. मग एके दिवशी लकवा येतो, किंवा झडपेची पाकळी गुठळीत अडकते आणि माणूस श्वासासाठी धडपडू लागतो. पडण्याची भीती असेल तर पडणे थांबवा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा, संडासाजवळ धरायला दांडी, जुन्या शहरातल्या हवेल्यांच्या उंच पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा, चष्म्याचा नंबर तपासलेला, रात्रीची झोपेची गोळी शक्य तर कमी. एवढे केले की धोका खरोखर कमी होतो. आकडा लक्ष्याच्या वरच्या टोकाला जात राहतो का, याबद्दलही डॉक्टरांशी बोला.

डोक्यावर पडल्यास दुखले नसले तरी हॉस्पिटलात जा आणि सीटी स्कॅन करून घ्या. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते. पडून आठवडा किंवा त्याहून जास्त दिवस झाल्यावर आई जास्त झोपू लागली, बोलताना अडखळू लागली, एक पाय ओढू लागली, तर "वयामुळे" म्हणून सोडू नका.

ताप आणि दात

झडपेच्या रुग्णाचा ताप तीन-चार दिवसांपेक्षा जास्त टिकला आणि कारण सापडले नाही, तर झडपेवर जंतूंचा संसर्ग झाला आहे का, हे पाहायला हवे. हा संसर्ग जीवघेणा असतो. इथे एक मागणी स्पष्ट शब्दांत करायची: अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्या. आधी अँटिबायोटिक दिले की जंतू कल्चरमध्ये उगवत नाहीत आणि निदान लांबते.

हे जंतू पुष्कळदा तोंडातून येतात, म्हणून दात सांभाळणे हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे. वर्षातून एकदा तरी दाताच्या डॉक्टरकडे न्या. दात काढण्याआधी किंवा हिरडीवर काम करण्याआधी, तास ते अर्धा तास अगोदर अँटिबायोटिकचा एक मोठा डोस दिला जातो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन दोन ग्रॅम. एकदोन दात काढायला आयएनआर लक्ष्यात असेल तर रक्त पातळ करणारी गोळी सहसा थांबवावी लागत नाही, दाताचे डॉक्टर जागेवर रक्त थांबवण्याचे उपाय करतात. मोतिबिंदूचेही बहुधा तसेच. हर्निया, प्रोस्टेट किंवा खुब्याच्या हाडासारख्या मोठ्या ऑपरेशनला मात्र गोळी किती दिवस थांबवायची, मध्ये हेपॅरिन द्यायचे का, हे हृदयाच्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे. तोंडी निरोप पुरेसा नाही.

धावपळ करायची वेळ

धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज घरच्यांच्या कानाला सरावलेला असतो. रात्रीच्या शांततेत येणारा तो नेहमीचा आवाज बसका झाला किंवा ऐकू येईनासा झाला आणि सोबत धाप लागली, तर झडपेवर गुठळी धरली असण्याची शक्यता आहे. चित्रा झडपेची चकती प्लास्टिकची असते, तिचा आवाज मुळातच मंद असतो. तिथे आवाजापेक्षा धापेवर लक्ष ठेवा. इको आणि एक्स-रेखाली झडपेची हालचाल पाहून निदान होते आणि वेळेत पोचल्यास गुठळी विरघळवता येते किंवा ऑपरेशन होते. तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोबडे बोलणे, काळी विष्ठा, नाकातून न थांबणारे रक्त, अचानक वाढलेली डोकेदुखी, यांपैकी काहीही दिसले तर १०८ बोलवा. रात्री कोणत्या हॉस्पिटलात न्यायचे, जिथे हृदयाचे सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत, हे आजच ठरवून फ्रीजवर लिहून ठेवा. सवाई मानसिंह हॉस्पिटल हा सरकारी पर्याय आहे; गर्दी मोठी असते, पण बहुतेक शाखा एका आवारात आहेत.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हॉस्पिटलातले उपचार मिळू शकतात. त्याचे कार्ड आधीच काढून ठेवा, हॉस्पिटलात दाखल करताना त्यामागे धावणे जड जाते. राजस्थानच्या सरकारी हॉस्पिटलांत २०११ पासून यादीतली औषधे आणि २०१३ पासून ठरावीक तपासण्या मोफत मिळतात. आयएनआर आणि तुमची गोळी तिथे मिळते का, हे एकदा काउंटरवर विचारून घ्या. महिन्यामहिन्याचा खर्च याने बराच हलका होऊ शकतो.

आईवडील काही महिने जयपूरला आणि काही महिने पुण्याला किंवा मुंबईला राहत असतील, तर निघण्याच्या आठवडाभर आधी आयएनआर करा आणि पोचल्यावर आठवड्यात पुन्हा करा. अन्नपाणी बदलले की आकडा बदलतो. गोळ्या महिनाभराच्या जास्त बरोबर ठेवा, आणि त्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. दोन्ही गावांत एकेक डॉक्टर ठरवा, पण डोस बदलण्याचा अधिकार एकाच डॉक्टरकडे असू द्या. दोघांनी वेगवेगळे डोस लिहिले की घोळ होतो. पाकिटात एक कागद कायम असावा: झडप कोणत्या जागी, कोणत्या कंपनीची आणि कधी बसवली, आयएनआरचे लक्ष्य किती, गोळीचे नाव आणि डोस, कशाची अ‍ॅलर्जी, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. तो हिंदीत आणि इंग्रजीत लिहा, कारण जयपूरच्या इमर्जन्सीत तो वाचणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही. एमआरआय करायची वेळ आली तर झडपेचे कार्ड दाखवा. आजच्या बहुतेक सगळ्या धातूच्या झडपांसह एमआरआय करता येतो.

दर सहा महिन्यांनी वहीचे मागचे सहा आकडे काढून डॉक्टरांसमोर ठेवा. सहापैकी चार-पाच लक्ष्यात असतील तर छान चालले आहे. दोनच असतील, तर कारण एकत्र बसून शोधा: गोळी विसरणे, पालेभाजी, दुसरे औषध, की थायरॉइड, यकृत किंवा हृदयाची ताकद बदलली आहे. वर्षातून एकदा हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचेच, तक्रार असो वा नसो, आणि त्या भेटीत हिमोग्लोबिनही पाहून घ्यायचे. झडपेच्या कडेने गळती सुरू झाली तर रक्तपेशी फुटतात आणि आधी फिकेपणा व गडद लघवी दिसते.